दार, पाटी आणि फळा

किस्से गोळा करायचे असं ठरवून कोणी नोकरीला लागत नाही. पण पंचायत समितीत अनुदानाच्या टेबलावर चार वर्षं काढली की ते आपोआप साचतात, डब्याच्या तळाशी पीठ साचतं तसे. हल्ली सकाळी फिरून आलो की आम्ही चार निवृत्त माणसं चहाला बसतो, आणि कोणीतरी म्हणतंच, "अनुदानाचं एखादं काढा की." मग मी काढतो. आमच्या नगर जिल्ह्यातल्या, सत्तर सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतल्या या गोष्टी आहेत.

भजनी मंडळं, महिला मंडळं, तालमी, बालवाड्या, ज्यांना ज्यांना अनुदान पाहिजे त्यांचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. अर्जाची फाईल मी लावायचो आणि जागेवर जाऊन तपासणी करायचे आमचे विस्तार अधिकारी कुलथेसाहेब. माणूस सरळ. कोणाच्या चहाचासुद्धा मिंधा नाही, पाणी प्यायचं तेही घरून आणलेल्या फिरकीच्या तांब्यातलं. पण नियमात जे लिहिलंय ते डोळ्यांनी दिसल्याशिवाय सही करायची नाही, हा त्यांचा बाणा.

* * *

एका भजनी मंडळाला टाळ आणि पखवाज घ्यायला अनुदान दिलं होतं. साहित्य 'चालू स्थितीत' आहे की नाही हे तपासून लिहायचं, असा नियम. दुसरा कोणी असता तर पखवाजावर एक थाप मारून मोकळा झाला असता. कुलथेसाहेबांनी सगळ्या मंडळाला शेतातून बोलावून देवळात बसवलं आणि म्हणाले, "चालवून दाखवा."

भर दुपारी बारा वाजता भजन सुरू झालं. बुवांचा आवाज आधी चढेना, आणि चढला तो उतरेना. साहेब मांडी घालून आरतीपर्यंत बसले. मग तिथंच देवळाच्या पायरीवर त्यांनी अहवाल लिहिला: टाळ चालू स्थितीत. पखवाज चालू स्थितीत. बुवा दुरुस्तीयोग्य.

पुढच्या बाजारच्या दिवशी बुवा स्वतः माझ्या टेबलाशी हजर. रागबिग काही नाही. हात जोडून म्हणाले, "दुरुस्तीचं अनुदान कधी मिळंल?"

* * *

एका महिला मंडळाला शिवणयंत्र दिलेलं होतं. देताना सगळ्या बायकांचे अंगठे घेऊन हमीपत्र लिहून घेतलं होतं, की यंत्र सुस्थितीत ठेवू. दोन वर्षांनी आम्ही तपासणीला गेलो तर यंत्र अध्यक्षीणबाईंच्या देवघरात. त्याला हळद-कुंकू, झेंडूचा हार, समोर निरांजन. आणि बाहेर ओसरीवर सगळं मंडळ रांगेत बसून हातानं चोळ्या शिवत होतं.

मी म्हटलं, अहो, मग यंत्र कशाला घेतलंत? अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघत राहिल्या. वापरलं तर झिजणार, आणि झिजलं तर हमीपत्राचं काय, एवढं कारकुनाला कळू नये?

साहेबांनी मात्र यंत्राभोवती दोन फेऱ्या मारल्या. ती तपासणी होती की प्रदक्षिणा, हे मला आजही सांगता येणार नाही. तालुक्यात दिलेल्या सगळ्या यंत्रांत हे एकच धड राहिलेलं होतं. साहेब इतके खूश झाले, की या मंडळाला आणखी एक यंत्र द्यावं अशी शिफारस करायला निघाले.

बाई घाबरल्या. म्हणाल्या, "दुसरं नको साहेब. देवघरात जागा न्हाई."

* * *

हा पुढचा घोटाळा माझाच, कबूल करून टाकतो. एका तालमीनं लाकडी मुदगल आणि मल्लखांबासाठी अर्ज मागवला होता. मार्चची घाई. व्यायामशाळेच्या नमुन्याऐवजी मी बालवाडीचा नमुना पाठवून दिला.

आठ दिवसांत बारा पैलवानांची माहिती भरून आली. वजन, आईचं नाव, देवी काढल्या का, रांगायला कधी लागला, सगळं व्यवस्थित. 'आईचे दूध किती काळ दिले' या रकान्यात वस्तादांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं होतं, 'तीन वर्षे. म्हशीचे अद्याप चालू.'

मला घाम फुटला. साहेबांनी तो अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. एकही रकाना कोरा नव्हता. वर शेरा मारला, 'माहिती परिपूर्ण', आणि मंजूर केला.

* * *

मग बहात्तरचा दुष्काळ आला आणि हसणं जरा कमी झालं.

आमच्या तालुक्यातल्या एका उजाड गावात अनसूयाबाई नावाच्या बाई बालवाडी चालवायच्या. सातवी शिकलेल्या, तिशीच्या, नवरा गेलेला. गावात एक खोली होती, तिथं पंचवीसेक पोरं. अनुदान होतं म्हणून त्या पोरांना रोज दूध मिळायचं आणि बाईंना मानधन.

साहेब आणि मी तपासणीला गेलो तेव्हा खोलीचं दार सताड उघडं, फळा पुसलेला, आणि आत एक कोंबडी. गावातल्या सगळ्या बाया तीन मैलांवर रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेल्या, आणि पोरं आयांबरोबर. अनसूयाबाईही पोरांच्या मागे तिकडेच. साहेबांनी लिहिलं, 'बालवाडी बंद आढळली. उपस्थिती: कोंबडी एक.'

दोन दिवसांनी अनसूयाबाई कचेरीत आल्या. उन्हात चालून तोंड करपलं होतं. बालवाडी बंद नाही, कामावर झाडाखाली रोज भरते, असं सांगू लागल्या. आधी पोरं आयांच्या पायाशीच बसायची. गेल्या आठवड्यात खडीची कपची उडून एका पोरीच्या कपाळाला लागली, डोळा थोडक्यात वाचला. तेव्हापासून बाई सगळ्यांना झाडाखाली धरून बसवतात. पण दूध बंद झालं तर ती पोरं तिथं थांबणार नाहीत, परत आयांकडे पळतील, खडीत.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांनाही वाईट वाटलं होतं, ते दिसत होतं. पण नियमांचं पुस्तक उघडून म्हणाले, "बाई, बालवाडीला दार पाहिजे, पाटी पाहिजे, फळा पाहिजे. झाडाला मी बालवाडी कसं लिहू? मंगळवारी पुन्हा येतो. तोवर पोरं खोलीत आणा, नाहीतर अनुदान परत जाईल."

पोरं खोलीत आणायची म्हणजे रोज तीन मैल जा, तीन मैल या. मला त्या टेबलाची, त्या फायलींची लाज वाटली. साहेब उठून गेल्यावर बाई माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "भाऊसाहेब, त्यो नियम एकदा वाचून दावा." मी वाचला. त्यांनी पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "आन् भिंतींचं काय लिव्हलंय?"

मी पान उलटून पाहिलं. भिंतींचं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या.

मंगळवारी आम्ही आधी गावात गेलो, तर खोली रिकामीच होती. रिकामी म्हणजे, तिला दारही नव्हतं. चौकटीच्या जागी नुसतं भगदाड. साहेबांनी जीप दुष्काळी कामाकडे घ्यायला सांगितली.

कामावर शे-दोनशे माणसं खडी फोडत होती. पलीकडे माळावर एक कडुनिंब, आणि कडुनिंबाच्या अलीकडे एक दार उभं. चौकटीसकट. चौकट दोन्ही बाजूंनी दगड रचून पक्की केलेली, वर बालवाडीची पाटी ठोकलेली, कडी आतून लावलेली. डावीकडे माळ, उजवीकडे माळ. दारामागे झाडाच्या खोडाला फळा टांगलेला आणि सावलीत पोत्यांवर पंचवीस पोरं.

साहेब जीपमधून उतरले आणि बघत राहिले. हातोड्यांचा आवाज थांबला. सगळ्या आया आमच्याकडे बघत होत्या. मला वाटलं, गेलं अनुदान. साहेबांना ही थट्टा वाटणार आणि ते असेच मागे फिरणार.

साहेब चालत दारापर्यंत गेले. वहाणा काढून बाजूला नीट ठेवल्या आणि कडी वाजवली.

"कोन हाय?" पलीकडून अनसूयाबाईंनी विचारलं. दोघांमध्ये फळीएवढं अंतर.

"पंचायत समिती. तपासणीला आलोय."

"जरा हळू या, साहेब. ल्हानी झोपल्यात."

कडी निघाली. चौकट बुटकी होती, साहेब मान वाकवून आत गेले. मी फाईल घेऊन मागे राहिलो होतो, घाईघाईत बाजूनं वळसा घालून फळ्याकडे निघालो.

"अहो!" साहेब दबक्या आवाजात माझ्यावर खेकसले. "भिंतीतून काय येताय? दारातून या."

मी उलटा फिरलो, चपला काढल्या आणि कडी वाजवली.