कंपनीतले आजोबा

विशी ओलांडायच्या आतच सगळे त्यांना आजोबा म्हणू लागले. सांगलीच्या आमच्या नाटक कंपनीत ते आले होते नायक व्हायला. पण पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्याची कामं करणारा नट पळून गेला आणि यांनी जी पांढरी दाढी चिकटवली, ती तीस वर्षं उतरली नाही. मी प्रॉम्प्टर. त्यांतली बारा वर्षं मी विंगेत त्यांच्या शेजारी काढली.

स्वतःचा प्रवेश संपला की ते विंगेत यायचे आणि तिथून तान्ह्या पोराचं रडणं, घोड्याचं फुरफुरणं, देवाची आकाशवाणी, सगळं एकट्याच्या गळ्यातून काढायचे. म्हसवडच्या जत्रेत त्यांचं रडणं ऐकून एक लेकुरवाळी बाई प्रयोगातून उठली आणि अंधारात आपलं मूल चाचपू लागली. आम्हाला कौतुक वाटलं. ते मात्र खालच्या आवाजात म्हणाले, "गड्या, त्या माउलीचा जीव घाबरा केला मी. उद्या जरा कमी रडतो."

त्यांची स्वतःची आई तासगावला एकटी असायची. ते सहा वर्षांचे असताना देवीच्या साथीत तिचे डोळे गेले होते. सवड मिळाली की ते जाऊन तिच्यापुढं अख्खं नाटक सगळ्या आवाजांत करायचे.

युद्धात रॉकेल मिळेनासं झालं, प्रयोग रोडावले आणि त्याच सुमारास त्यांचा घसा बसला. ज्येष्ठमध चघळून महिना काढला. शेवटी मीच त्यांना मिरजेच्या डॉक्टरांकडं नेलं. गाठ होती. कापली तर आवाज जाणार, ठेवली तर वर्ष निघणार नाही.

"ऱ्हाऊ द्या," आजोबा म्हणाले. "आई मला आवाजानंच वळकती."

मी ऐकलं नाही. जगलात तरच तिला सांभाळाल, असं म्हणत तीन दिवस मागं लागलो आणि कागदावर सही करायला लावली.

जखम भरल्यावर त्यांना घेऊन तासगावला गेलो. आई ओट्यावर शेंगा फोडत होती. पावलं ऐकून तिनं विचारलं, "कोन हाय?"

आजोबांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी श्वासासाठी गळ्याला ठेवलेल्या भोकातून नुसता वारा आला. त्यांनी तिचा हात धरला, तो तिनं झटक्यानं ओढून घेतला. मग मीच सगळं सांगितलं. तिनं त्यांच्या तोंडावरून बोटं फिरवली, सुरकुत्या चाचपल्या, पुन्हा चाचपल्या. आजोबा माझ्याकडं बघत होते. बारा वर्षं मी त्यांना शब्द पुरवले होते. त्या घटकेला मला एकही सुचला नाही.

"तुमी सांगताय म्हंजी आसंल," ती म्हणाली. डोईवरचा पदर सावरून तिनं बसायला घोंगडं पुढं सरकवलं.

पुढं चार वर्षं ते तिच्यापाशीच राहिले. पाणी भरलं, चूल पेटवली, तिचे पाय चेपले. ती त्यांच्याशी गोडच वागायची. पण त्यांना 'आरं' म्हणून हाक मारताना मी तिला कधी ऐकलं नाही. "आवं, जेवून घ्या," असंच म्हणायची, अखेरपर्यंत.