किल्लीदारांचा कोट

किल्लीदारांबद्दल काही सांगा म्हटलं की टेलरमास्तर सुई तशीच हवेत धरतात आणि म्हणतात, "मला कुठं काय माहीत?" खरंच आहे ते. किल्लीदार समोरच्या सिनेगॉगची, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराची, देखभाल करायचे. दार उघडणं, बाकं पुसणं, पुस्तकं जागच्या जागी लावणं. दोघांची अर्धी हयात समोरासमोर गेली. पण किल्लीदारांच्या गेलेल्या बायकोचं नाव मास्तरांनी कधी विचारलं नाही, आत बसून ते देवाकडं काय मागतात तेही नाही. माहीत होतं ते एवढंच, की किल्ल्यांच्या जुडग्यानं त्यांचा डावा खांदा उतरलाय आणि कोट शिवताना तो आतून भरून काढावा लागतो.

तो कोट मास्तरांनी हौसेनं शिवला होता. जुना पार विटला म्हणून, चांगली लोकर निवडून. किल्लीदारांनी तोंडभर कौतुक केलं, घरी नेला, आणि थंडी पडली तरी जुनाच घालून फिरत राहिले. मास्तर मनातून खट्टू.

"काय हो किल्लीदार, कोट कपाटातच हवा खातोय का?"

किल्लीदार ओशाळले. "मास्तर, कॉलरच्या आत काय घातलंय?"

"लिनन! उगाच नाही अशी ताठ उभी राहत."

"तिथंच माशी शिंकली. लोकर आणि लिनन एका कपड्यात आम्हा ज्यू लोकांना चालत नाही."

"का बरं?"

"मी आजोबांना विचारलं होतं. ते म्हणाले, माझ्या आजोबांना विचार."

मास्तर खो खो हसले. "अहो, मग आधीच नाही का सांगायचं?"

"एवढ्या मायेनं शिवलात. तोंडावर कसं सांगू?"

कोट उसवायला दुकानात आला. त्याच आठवड्यात शनिवारी सकाळी, प्रार्थना चालू असताना टोळकं आलं. ज्यूंच्या नावानं गलिच्छ घोषणा, मग दगड, मग पेटती बाटली. किल्लीदारांनी आतून अडसर घातला, लोकांना मागच्या दारानं बाहेर काढलं आणि दाराखालून आत शिरलेली आग सतरंजीनं दडपत राहिले. मास्तर बादली घेऊन धावले. माणसं वाचली. किल्लीदारांचा उजवा हात मनगटापर्यंत भाजला. बाहेरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत राहिलं: चालते व्हा.

"चालते व्हा म्हणे," किल्लीदार म्हणाले, "माझे गुडघे पाहिलेत का यांनी?"

परगावाहून धावत आलेल्या त्यांच्या मुलीला मात्र हसू आलं नाही. "बाबांना आता इथं एकटं ठेवायची नाही मी, काका. तुमचा कोट झाला की निघतो आम्ही."

कोट झाला की! मास्तरांनी जन्मात कुणाचा कपडा रखडवला नव्हता. आता कधी दोरा मिळेना, कधी इस्त्री तापेना. किल्लीदार रोज येत, बाकावर बसत, उसवलेल्या कॉलरकडं बघत आणि घाई म्हणून करत नसत. दिवसा घातलेले टाके मास्तर ते गेल्यावर उसवून ठेवत. शेवटी मुलीनं टॅक्सीच दाराशी आणून उभी केली, तेव्हा दोरा सापडला.

सिनेगॉगला आता लोखंडी फाटक आहे, पहारा आहे. दार उघडणारा नवा माणूसही भला आहे. पण समोर किल्ल्या वाजल्या की मास्तरांची मान अजून वर होते, आणि खाली यायला वेळ लावते.

टॅक्सी आली त्या सकाळी मास्तरांनी स्वतःच्या हातानं किल्लीदारांना कोट चढवला. किल्लीदारांचा हात चालत नव्हता, म्हणून बटणंही त्यांनीच लावली.

"उजवी बाही जरा घट्ट लागतेय, मास्तर."

"आत बँडेज आहे ना. ते निघालं की बसेल नीट."

"आणि नाही बसली तर?"

"तर घेऊन या. बसल्या जागी करून देतो."

"बरं. येतो, मास्तर."

"या."