गुलाबी गोळी

चौतीस वर्षांच्या नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरलो, आणि विसरलो ते बरंच झालं. विठ्ठलवाडीच्या एका चाळीतल्या त्या सासू-सुनेचं प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही. त्यात चोर नव्हता, दरोडेखोर नव्हता आणि शेवटी आरोपीही नव्हता.

मी तेव्हा वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती जवळ आली होती. लॉकडाऊन उठून वर्ष झालं होतं, पण आमच्या हद्दीतले छोटे कारखाने एकेक करून बंद पडत होते. ठाण्यात येणाऱ्या तक्रारीही बदलल्या होत्या. पूर्वी पगाराच्या दिवशी दारू पिऊन भांडणारे यायचे, आता दिवसभर घरी बसून भांडणारे येऊ लागले.

एका रविवारी कळव्याच्या रुग्णालयातून कळवण्यात आलं की, एक साठीच्या पुढची बाई शनिवारी संध्याकाळी बेशुद्ध अवस्थेत दाखल झाली आहे. रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली गेलेली. बाईला मधुमेह नाही, घरात कुणालाच नाही. साखर उतरवण्याचं औषध पोटात गेलं असावं, असं डॉक्टरांचं मत पडलं. पाठोपाठ बाईची लेक ठाण्यात हजर झाली.

"साहेब, वहिनीनेच काहीतरी दिलंय आईला," ती म्हणाली. "भावाचं काम सुटल्यापासून तिला आई जड झालेली. चाळीत कुणालाही विचारा, रोज ओरडून ओरडून गोळ्या खायला लावायची."

चाळीत विचारलं. तीन शेजाऱ्यांनी तेच सांगितलं. भिंती पातळ, त्यामुळे सगळ्यांनी सगळं ऐकलेलं. "गोळी घ्या, माझ्यासमोर घ्या," असं सून रोज सकाळी दरडावायची, असे तिघांचे जबाब आले. इतके जुळणारे जबाब मिळाले की नवा अंमलदार खूश होतो. मला अशा वेळी उगाच अस्वस्थ वाटतं.

महिला हवालदाराला सोबत घेऊन मी सुनेच्या घरी गेलो. तिशीची बाई, मांडीवर तीन वर्षांची मुलगी. नवरा कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला. मी सरळ विचारलं, "शनिवारी सासूबाईंना गोळी कुणी दिली?"

"मी दिली," ती म्हणाली.

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या उत्तरावर अटक करता आली असती.

"प्रेशरची गोळी होती, साहेब. यांचं काम गेलं तेव्हापासून आई आम्हाला गोळ्या आणू देत नाहीत. माझ्याकडे आहेत म्हणतात. असून घेत नाहीत असं वाटायचं, म्हणून मी ओरडायचे. त्या दिवशी त्यांच्या टाळांच्या पिशवीतून मीच काढून हातावर ठेवली. त्यांना शनिवारचा उपास होता. रिकाम्या पोटी नको म्हणत होत्या, मीच ऐकलं नाही." एवढं बोलून ती रडायला लागली. "मला नेणार असाल तर हिला कुणाकडे ठेवू?"

टाळांची पिशवी पंचांसमोर उघडली. टाळ, बुक्क्याची डबी आणि कात्रीने कापलेला पाकिटाचा एक तुकडा, त्यात एकच गुलाबी गोळी. मागे नावाची दोन-अडीच अक्षरं. औषधाच्या दुकानदाराने बघताक्षणी सांगितलं, "ही साखरेची." मग आपणहून पुढे म्हणाला, "हल्ली अख्खं पाकीट कुणी घेत नाही, साहेब. दोन द्या, चार द्या. पण हे कापणं माझं नाही."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज, घाबरलेला. "मारुतीच्या देवळातल्या भजनी मंडळाचा डबा बघा," एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

देवळात गेलो. मंडळाच्या प्रमुख मावशींनी काही न लपवता पेटीमागून डबा काढून दिला. स्वयंपाकघरात असतो तसा गोल, स्टीलचा, सात वाट्यांचा मसाल्याचा डबा. मोहरी, हळदीच्या जागी कापलेल्या गोळ्या.

"कामं गेली घरोघरी," मावशी म्हणाल्या. "मग ठरवलं, जिच्याकडे जास्त असेल तिने टाकायची, जिची संपली तिने घ्यायची. चष्मा सगळ्यांकडे कुठला? रंगावर लावल्या. गुलाबी प्रेशरची, पांढरी साखरेची."

मागे बसलेली एक बाई तोंडाला पदर लावून उठली. दोन महिन्यांपूर्वी तिचा नवरा गेला होता. त्याच्या साखरेच्या गोळ्या उरल्या होत्या आणि त्या गुलाबी होत्या. "टाकवेना, साहेब," ती म्हणाली. "कुणाला तरी लागू दे म्हटलं." फोनवरचा आवाज मी ओळखला.

चार दिवसांनी म्हातारी शुद्धीवर आली. जबाब देताना तिने डब्याचं सगळं सांगितलं. मुलाला हे का सांगितलं नाही, असं विचारल्यावर म्हणाली, "माझी गोळी बंद केली तर नातीचं दूध चालू राहतं. त्याला सांगून काय, तो लाजला असता." सून पायाशी उभी होती. म्हातारीने तिचा हात धरला आणि मला म्हणाली, "हिला काही करू नका. नव्या गोळ्या आणू द्या म्हणायची, हिचं ऐकायला हवं होतं मी."

गुन्हा घडल्याचं निष्पन्न होत नाही, असा अहवाल मी वर पाठवला. महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या हातापाया पडून त्यांना दर शनिवारी देवळात बसवलं. पहिल्याच शनिवारी निम्म्या बायकांचं प्रेशर भलतंच वाढलेलं निघालं. त्यातली एकही आजारी म्हणून कुठे गेली नव्हती.

कारखाना बंद पडला तर चोऱ्या वाढतील, म्हणून आम्ही गस्त वाढवतो. तेव्हा घराघरांत काय चाललेलं असतं, ते मला या प्रकरणाने दाखवलं. माणूस चोरी करायच्या फार आधी स्वतःचं औषध बंद करतो, आणि त्यात घरातली बाई पहिली असते. त्याची फिर्याद द्यायला कुणी येत नाही.

प्रकरण मिटल्यावर जप्त केलेला डबा परत द्यायला मी स्वतः गेलो. मावशींनी रिकाम्या वाट्या पदराने पुसल्या.

"आता यात मसालाच भरा," मी हसत म्हणालो.

"मसालाही आता पुडीतूनच आणतो, साहेब," त्या म्हणाल्या. "एका भाजीपुरता."