भिंतीला लावलेलं बोट

एकोणीसशे पन्नासच्या दशकात मी पनवेलहून मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. खाडीचा बांध फुटला, एस.टी. उलटली, नगरपालिकेच्या सभेत खुर्ची फेकली गेली, अशा स्वरूपाच्या. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा माझा नियम होता. तो मी कोणी विचारलं नाही तरी सांगत असे.

त्यातल्याच एका वर्षी सरकारने हिवतापाविरुद्ध घरोघर डी.डी.टी. फवारायला सुरुवात केली होती. डास भिंतीवर टेकला की मरावा, अशी योजना. चैत्रात खाडीकाठची गावं फवारून झाली. वैशाखात त्यांपैकी एका गावात पुन्हा थंडीतापाचे रोगी निघाले. मी सायकलवरून तिथे गेलो. पहिल्याच घरात भिंतीवरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. पांढरा कणही नव्हता. आणखी चार घरांत तेच. घरची माणसं मिठागरावर गेली होती. विचारायला कोणी भेटलं नाही, आणि बोट असताना विचारायची गरज मला वाटली नाही.

बातमी तिसऱ्या पानावर आली. मथळा होता, ‘फवारणी कागदावरच’. शेवटच्या परिच्छेदात मी वातावरणासाठी एक वाक्य घातलं होतं : ‘औषधाचा मागमूस नसलेल्या या भिंतींवर लग्नाचे ताजे चौक मात्र ठसठशीत दिसत होते.’ या वाक्यावर मी खूश होतो. घरी ते दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा बायको तांदूळ निवडत होती, तिने मान वर केली नाही.

आठवड्याने फवारणी पथकाचा मुकादम दारात उभा राहिला. तिशीचा, हंगामी नोकरीतला माणूस. हातात कचेरीची नोटीस होती. फवारणी न करताच ती झाल्याची खोटी नोंद केली, आठ दिवसांत खुलासा करावा, नाहीतर कामावरून कमी करण्यात येईल.

“साहेब, मी फवारलंय,” तो म्हणाला. “पाठीवर पंप घेऊन फवारलंय.”

“मी स्वतः बोट लावून पाहिलं.”

“कशाला लावलंत?”

“भिंतीला.”

“भिंतीला नाही, शेणाला.” त्याने खिशातून माझ्या बातमीचं कात्रण काढलं. शेवटच्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ होती. “ताजे चौक होते, असं तुम्हीच लिहिलंय. चौक काय नुसत्या भिंतीवर लिहितात? तुम्ही पनवेलचेच ना?”

मी पनवेलचाच होतो. वैशाखात घरोघर लग्नं निघतात, लग्नघरची भिंत आधी शेणामातीने सारवतात आणि मग तिच्यावर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. फक्त बातमी लिहिताना ते आठवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघे त्या गावी गेलो. पहिल्या घरातली वरमाय दारातच वाल सोलत होती.

“मावशी, फवारा मारला होता ना मी?” मुकादमाने विचारलं.

“मारलास की. मांजर दोन दिस घरात आली नाय.”

“मग भिंत का सारवली? सांगून गेलो होतो मी.”

“लगीन हाय तर भित सारवायची नाय? तुज्या त्या पांडऱ्या डागांवर लगीन लावनारी धवलारीण चौक लिवल काय?” मग माझ्याकडे पाहून, “ह्ये कोन? डाक्टर?”

“पेपरवाले,” मुकादम म्हणाला.

“आमच्या चौकाचा लिवलान, त्ये ह्येच? बरा लिवलान. आमच्या जावयानी वाचून दावला.”

माझ्या त्या बातमीचं कौतुक करणारी ती पहिली आणि शेवटची व्यक्ती.

तिथून मी थेट हिवतापाच्या कचेरीत गेलो. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. “नोटीस छापील बातमीवरून निघाली आहे,” ते म्हणाले. “तोंडी सांगून मागे कशी घेऊ? छापून आणा.” मी मुंबईला दुरुस्ती पाठवली. संपादकांचं कार्ड आलं : वार्ताहराच्या चुकीला जागा नाही, बातमी असेल तर पाठवा.

मुदतीचे तीन दिवस उरले होते. मी बातमी लिहिली. मथळा, ‘लग्नघरांत सारवणाखाली डी.डी.टी. निकामी’. सारवण किती जाड, चौक कधी लिहितात, फवारणी कधी झाली, सगळं घरोघर विचारून. पुरावा म्हणून एक वाक्य द्यावंच लागलं : ‘प्रस्तुत वार्ताहराने यापूर्वी सारवणाला बोट लावून फवारणी झाली नसल्याचे चुकीने कळवले होते.’ संपादकांनी बाकीचं निम्मं कापलं. ते वाक्य ठेवलं, आणि चौकटीत टाकलं.

अंक आला त्याच दुपारी मुकादम तो घेऊन कचेरीत गेला. संध्याकाळी येऊन त्याने सांगितलं, नोटीस मागे घेतली. पुढच्या फेरीत पथकाने प्रत्येक घरी आधी लग्न ठरलंय का ते विचारायचं आणि ठरलं असेल तर सारवण झाल्यावर फवारायचं, असाही हुकूम निघाला होता. मी त्याला चहाला बसवलं.

“तुमचं नुकसान नाही ना झालं, साहेब?” त्याने विचारलं.

नाही म्हणालो. हे मात्र खरं होतं. बातमीखाली माझं नाव कधीच छापत नसत.