ब्रेकातली धाव

आमच्या घरी दुखवट्याला येणारा माणूस चेहरा पाडून येतो, पाणी पितो, "फार वाईट झालं" म्हणतो, आणि मग अंगणातल्या गाडीकडे त्याची नजर जाते. तिथे दुखवटा संपतो. "ते ब्रेकचं प्रकरण ठाऊक आहे ना तुम्हाला?" माझे थोरले भाऊ अण्णा गेले, तेव्हा तेरवीपर्यंत असे इतके किस्से गोळा झाले की रडायला आलेल्यांना पदराआड हसावं लागलं. त्यातले काही खरे, काही वकिली. मी डोळ्यांनी पाहिले तेवढेच इथे सांगतो.

अण्णा देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. वर्गात त्यांचा विश्वास प्रयोगावर आणि गाडीत परमेश्वरावर. गाडी त्यांनी तिसऱ्या हाताने घेतलेली. 'स्वस्तात' हा त्यांचा आवडता शब्द. तो शब्द तोंडातून निघाला की सुमनवहिनी स्वयंपाकघरात निघून जात.

*

सुरुवात वर्ध्याला झाली. कापसाचे दिवस होते. वाटेत नाल्याच्या पाण्यातून अण्णांनी गाडी काढली, आणि मागच्या चाकांचे ड्रम भिजले. ड्रम म्हणजे चाकातला बंद डबा. ब्रेक त्याच्या आतून घासतो, आणि आत पाणी गेलं की घासण्याऐवजी आंघोळ करतो.

बाजाराच्या तोंडाशी अण्णांनी ब्रेक दाबला. गाडीने ऐकलं नाही. समोर कापसाने भरलेली बैलबंडी उभी होती. गाडी तिच्यात शिरली, अगदी उशीत डोकं शिरावं तशी. कोणाला काही लागलं नाही. पुढच्या सीटवरच्या वहिनी मात्र नव्या साडीसकट पांढऱ्या झाल्या.

बंडीवाला शांतपणे खाली उतरला, खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "काऊन गुर्जी, कापूस तपासून राह्यले का?"

वहिनी साडी झटकत खाली उतरल्या. "ही गाडी थांबायला शिकेल त्या दिवशी मला बोलवा," म्हणाल्या, आणि सरळ एस.टी. स्टँडवर गेल्या.

*

वहिनींनी शब्द पाळला. पुढची दोन-तीन वर्षं आमच्या घरची मिरवणूक देवळी-वर्धा रस्त्यावर सगळ्यांनी पाहिली. पुढे एस.टी., तिच्या खिडकीत वहिनी. मागे अण्णांची गाडी. गाडीत मागच्या सीटवर मी आणि अण्णांचे मित्र वकीलसाहेब, आणि अण्णांच्या शेजारची सीट रिकामी. तिथे कोणी बसायचं नाही. वकीलसाहेब एकदा चुकून बसले, तर अण्णा किल्ली हातात धरून बाहेरच उभे राहिले. वकील समजले आणि मागे आले.

एका कंडक्टरने एकदा स्टँडवर माझ्यादेखत वहिनींना विचारलं, "बाई, ते मांगची गाडी तुमच्यावर पाळत ठेवून राह्यली का?"

"हो," वहिनी म्हणाल्या. "पण घाबरू नका. ती पकडू शकत नाही."

*

अण्णांनी ठरवलं की ड्रम काढायचे आणि डिस्क लावायचे. डिस्क म्हणजे उघडी चकती. ती चिमट्यात पकडून चाक थांबवायचं. पाणी लागलं तरी वाळते. त्या काळी आमच्याकडे ही चीज फक्त ऐकून माहीत. अण्णांनी नागपूरच्या भंगारातून आपटलेल्या एका परदेशी गाडीचे पुढच्या चाकांचे डिस्क आणले. अर्थात, स्वस्तात.

देवळीच्या नाक्यावर गुलाबभाऊंचं वर्कशॉप होतं. गुलाबभाऊंना येत नाही असं काम जगात नव्हतं, आणि एकदाच नीट झालेलं असं कामही नव्हतं. त्यांनी दोन दिवस गाडीखाली झोपून जाहीर केलं, "गुर्जी, पुढचं सामान पुढं बसत नाई."

"मग?"

"मांग बसवतो."

वकीलसाहेब म्हणाले, "अहो, हे बूट पायात जात नाही म्हणून हातात घालण्यासारखं आहे."

अण्णांनी खडू घेतला आणि वर्कशॉपच्या पत्र्यावर बाण काढून सिद्ध केलं की गाडी थांबवायची तर मागूनच ओढली पाहिजे. गुलाबभाऊ मान डोलवत राहिले. "बैलाचं शेपूट असंच ओढते," ते म्हणाले.

"शेपूट ओढलं की बैल पळतो," वकील म्हणाले. पण तोवर खडू संपला होता.

*

डिस्कचा चिमटा धरायला मागच्या आसावर मजबूत लोखंडी पट्टी हवी होती. नवी घेतली असती तर तो अण्णांचा ब्रेक झाला नसता. गुलाबभाऊंच्या वर्कशॉपमागे मोडक्या बैलगाडीचं चाक पडलं होतं. त्याच्या कडेवरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, त्यांनी कापली, वाकवली, वेल्डिंग केलं.

अण्णा खुशीत घरी आले. "अगं, धावेचं लोखंड बसवलंय. पन्नास वर्षं हलायचं नाही."

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"ज्या गाडीच्या ब्रेकातच धाव आहे," त्या म्हणाल्या, "ती थांबणार कशी?"

हे वाक्य दुसऱ्या दिवशी शाळेच्या फळ्यावर होतं. कोणी लिहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. अक्षर वकिलांचं होतं.

*

चाचणीला आम्ही चौघे गेलो. अण्णा, गुलाबभाऊ, वकील आणि मी. पुढची सीट तेव्हाही रिकामी; गुलाबभाऊ मागे आमच्या मांडीवर. मोकळा रस्ता पाहून अण्णांनी गाडीला वेग दिला आणि ब्रेक दाबला.

मागची चाकं जागच्या जागी जाम झाली. पुढच्यांना कोणी कळवलं नव्हतं. गाडी लग्नात नाचणाऱ्या मामासारखी एक गिरकी घेऊन उभी राहिली. धुरळा खाली बसल्यावर पाहिलं, तर तोंड परत देवळीकडे.



"पाहा," गुलाबभाऊ म्हणाले. "ब्रेक असा पाह्यजे. थांबवतेबी, अन् घरीबी पाठवते."

पुढे चिमट्याची पकड सैल करून त्यांनी ते नीट केलं. म्हणजे ब्रेक दाबल्यावर निदान ज्या दिशेला निघालो त्याच दिशेला तोंड राहू लागलं.

*

खरी गंमत घरी कळली. आमचं अंगण नालीकडे उतरतं. अण्णांनी गाडी उभी केली, हँडब्रेक ओढला, विजयी चेहऱ्याने उतरले, आणि गाडी त्यांच्या मागोमाग नालीकडे चालू लागली.

गुलाबभाऊंना बोलावलं. ते म्हणाले, "हँडब्रेक तं ड्रमातच होता, गुर्जी. घरजावई होता तो. सासराच नाई राह्यला, तं जावई कुठं राहीन?"

"म्हणजे गाडी थांबत नाही?"

"थांबते. पण थांबून राहत नाई."

गिअरमध्ये ठेवावी, तर गिअर आपणहून सुटे. शेवटी वहिनींच्या फुटलेल्या दगडी पाट्याचा अर्धा तुकडा गाडीत ठेवला. गाडी थांबली की अण्णांनी पाय ब्रेकवर ठेवायचा, आणि मागे बसलेल्या वकीलसाहेबांनी उडी मारून तो दगड चाकाला लावायचा. हँडब्रेकचा दांडा आता छत्री अडकवायच्या कामाचा उरला.

एकदा वर्ध्याला कोर्टाजवळ वकील काळ्या कोटात, दोन्ही हातांनी दगड धरून गाडीतून धावत उतरले. हवालदाराने त्यांना अडवलं.

"साहेब, मोर्चा कोणाचा आहे?"

तोवर गाडी हवालदाराच्या सायकलीपर्यंत पोचली होती.

*

हे सगळे किस्से लोक सांगतात. पुढचा कोणी सांगत नाही. तो पाहायला मी एकटाच होतो, आणि ज्यांचा तो आहे ती दोघंही आता नाहीत. वहिनी अण्णांच्याही आधी गेल्या.

दर वर्षी माघातल्या चतुर्थीला आम्ही केळझरला गणपतीच्या दर्शनाला जात असू. त्या वर्षी वकिलांचा गुडघा सुजला होता. अण्णा अंगणात चिंतेत उभे. "दगड कोण लावणार?" मी तयार होतो, पण मला कोणी विचारलं नाही. वहिनी हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या, पुढचं दार उघडलं आणि त्या सीटवर बसल्या.

"मी लावते," म्हणाल्या.

वर्धा ओलांडेपर्यंत अण्णांनी एकदाही 'स्वस्तात' म्हटलं नाही.

केळझरला टेकडीवर गर्दी होती. गाडी चढावरच थांबवावी लागली. अण्णांचा पाय ब्रेकवर. मी मागे दगड शोधला. नव्हता.

"घरीच राहिला वाटतं," वहिनी म्हणाल्या.

मी खाली उतरलो. वाटेच्या कडेला दगडच दगड होते. एक उचलायला वाकलो.

"भाऊजी," त्यांनी आतून हाक मारली. "देवाच्या टेकडीचा दगड चाकाखाली घालतात का?"

मी सरळ उभा राहिलो.

"तुम्ही दर्शन घेऊन या. ह्यांनी पाय काढला तर गाडी जाईल. मी बसते ह्यांच्यापाशी."

रांग मोठी होती. मी प्रसाद घेऊन परत आलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. गाडी तिथेच होती. अण्णांचा पाय ब्रेकवरच होता, आणि दोघं काचेतून समोर पाहत काहीतरी बोलत होती. मी जवळ गेलो तशी गप्प झाली. प्रसाद वहिनींनी घेतला, अर्धा अण्णांच्या तळहातावर ठेवला. दर्शन त्यांनी खालूनच घेतलं.

संध्याकाळी देवळीला परतलो. अंगणात गाडी थांबली. अण्णा पाय ब्रेकवर ठेवून बसून राहिले. वहिनी उतरल्या, पायाशी ठेवलेली कापडी पिशवी दोन्ही हातांनी उचलली, मागे गेल्या, पिशवीतून पाट्याचा तुकडा काढला आणि चाकाला लावला.

"काढा आता पाय," त्या म्हणाल्या.