कुमरी-ओपाची तिसरी वाटी

काळ्या कापडावर पांढऱ्या रेशमाने बदाम काढावा तर तो कुमरी-ओपानेच. आमच्या चुस्त गावात टोप्यांवर भरतकाम करणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. मीही त्यातलीच, पण माझा बदाम भोपळ्यावर जातो असं तिचं म्हणणं. माझ्याहून सात वर्षांनी मोठी म्हणून मी तिला ओपा, म्हणजे ताई, म्हणते. तोंडाने फटकळ, पण कुणाकडे आजारपण आलं की पहिली हजर तीच.

गेल्या हिवाळ्यात ती सुईत दोरा ओवून घ्यायला माझ्याकडे येऊ लागली. आम्हाला वाटलं, चष्मा जुना झाला. तपासणीत निघाली साखर. डॉक्टरीणबाई कोवळी पोर, पण बोलली खडखडीत, "मावशी, साखर अशीच राहिली तर डोळे जातील. औषध मी देते, पण तोंड तुम्हालाच आवरायचंय. नवरोज झाला की या, बघू."

डोळे जाणं म्हणजे काय, हे ओपाला वेगळं सांगायला नको होतं. नवरा गेल्यावर याच डोळ्यांच्या जोरावर तिने तीन मुलं वाढवली. तिने कंबर कसली. चहाबरोबरची खडीसाखर बंद. नान चतकोर, तोही ताक-दह्याबरोबर. लग्नघरी पुलावातलं मांस नि हरभरे वेचून खायची आणि भात बाजूला सारायची. आमच्याकडे पाहुण्याने भात टाकणं म्हणजे यजमानाचा अपमान. पण ही खुशाल सांगायची, "भात तुमचा चांगलाच आहे हो, रक्त माझं वाईट." हिवाळ्यासाठी टांगून ठेवलेली खरबुजं तिने मला आणून दिली, आणि मी खाताना समोर बसून नुसता वास घेतला. मला लाज वाटायला हवी होती, पण खरबुजं फार गोड होती.

असं करत तिने सकाळचा आकडा चौदावरून सातावर आणला; आमच्याकडच्या यंत्रांवर उपाशीपोटी तो सहाच्या आत असावा लागतो.

मग नवरोज आला, आमचा वसंतातला वर्षारंभाचा सण. गल्लीच्या सुमलकची कढई तीस वर्षं तिच्याच हाताखाली असते. मोड आलेले गहू वाटायचे, त्यांच्या रसात पीठ नि तेल घालून रात्रभर आळीपाळीने ढवळायचं. तळाला लागू नये म्हणून धुतलेले लहान गोटे आत टाकायचे. वाटीत ज्याला गोटा सापडेल त्याने मनात काही मागावं, ते मिळतं.

सकाळी झाकण काढलं. ओपा वाटी धरून माझ्याकडे आली.

"हे चालेल का गं मला?"

"तीस वर्षं तूच ढवळतेस. साखरेचा कण तरी टाकलास कधी?"

"नाही बाई."

"मग खा की."

पहिली वाटी संपली, गोटा नाही. दुसरीही संपली. ती चमच्याने तळ चाचपत होती तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, ही काय शोधतेय. तिसरी वाटी मीच भरून दिली, अगदी तळातून खरवडून. तिच्या दाताखाली गोटा वाजला. तो मुठीत धरून तिने डोळे मिटले. काय मागितलं ते विचारायची गरज नव्हती.

दोन तासांत तिच्या तोंडाला कोरड पडली, डोळ्यांपुढे धुरकट दिसायला लागलं. बोट टोचून पाहिलं तर साखरेच्या यंत्राने आकडा दाखवला, सतरा.

"खुदाने गोटा दिला, आणि वर हेही दिलं," म्हणाली, आणि रडायला लागली. नवरा गेला तेव्हाही मी तिला अशी रडताना पाहिली नव्हती. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

तिसऱ्या दिवशी दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईने कपाळावर हात मारला.

"अहो मावशी, मोड आले की गव्हातच साखर तयार होते. नाहीतर ते एवढं गोड लागेल कशाने?"

एवढी वर्षं आम्ही दोघींनी बोटं चाटली, पण हे कधी डोक्यात आलं नाही.

मग डॉक्टरीणबाईने ओपाच्या डोळ्यांत औषध घालून नीट तपासलं. तेवढा वेळ मी ओपाचा हात धरून होते.

"पडदा शाबूत आहे," ती म्हणाली. "एका सकाळीत डोळे जात नाहीत. पथ्य असंच सांभाळा, आणि आता रोज पाऊण तास चालायचं."

परत येताना ओपा स्वतःच्या घरी गेलीच नाही. माझ्या ओट्यावर बसून तिने पिशवीतलं यंत्र काढलं.

"बोट दे."

"मला काय धाड भरलीय?"

"माझी खरबुजं कोणी खाल्ली? दे बोट."

मी हसत हसत बोट पुढे केलं. आकडा आला तेरा. तिने यंत्र पुसून पुन्हा टोचलं. तेराच. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. टोचलेलं बोट ओढणीच्या टोकात धरून मी तशीच बसले, आणि डोळे भरून आले.

ओपाने यंत्र पिशवीत ठेवलं.

"रडू नको," ती म्हणाली. "उद्या पहाटे कालव्याकडे चालायला ये. एकटीला मला कुत्र्यांची भीती वाटते."