पाणी नाकातलं नव्हतं

सत्यभामाबाईला मी पुढे वाकायला सांगितलं आणि नाकाखाली स्टीलची वाटी धरली. उजव्या नाकपुडीतून थेंब पडू लागले. पाण्यासारखे स्वच्छ. सर्दीचं पाणी चिकट असतं, हे नव्हतं.

"पंधरा दिवस झाले जी, सर्दी जाऊनच नाही राहिली," ती म्हणाली. "धानाच्या रोवन्याले वाकली का धारच लागते."

"ऑपरेशन होऊन महिना नाही झाला, रोवणा कायले केला?"

"मंग कोन करन?"

तिचा नवरा खाली बघत उभा राहिला. घशात खारट लागतं का, विचारलं. लागत होतं.

मेंदू कवटीत पाण्यात तरंगत असतो. त्या पाण्याला सीएसएफ म्हणतात. नाकाचं छत आणि मेंदू यांच्यात पातळ हाड असतं. नाकातून जाऊन मेंदूखालची गाठ काढली की त्या हाडाला भोक राहतं. ते मांडीची चरबी आणि नाकातलीच कातडी लावून बुजवतात. ठिगळ सरकलं की पाणी गळतं. त्याच वाटेने जंतू वर गेले तर मेंदूज्वर.

नवेगाव बांधच्या या बाईचं ऑपरेशन नागपूरला वैशालीने केलं होतं. ती माझी बॅचमेट. स्कल बेस, म्हणजे कवटीच्या तळाच्या सर्जरीच्या एकाच फेलोशिपसाठी आम्ही दोघींनी अर्ज केला होता. तिला मिळाली. मी गोंदियात कान-नाक-घसा बघते. तिच्या ऑपरेशनचे फोटो बॅचच्या ग्रुपवर येतात, मी लाइकचा अंगठा टाकते.

वाटीतले थेंब बघून मला आधी आनंद झाला. लिहायला लाज वाटते, पण झाला. वैशालीचं ठिगळ गळत होतं.

बाईला अॅडमिट केलं. ताप नव्हता, मान आखडलेली नव्हती. डोक्याकडचा पलंग उंच केला. शिंकरायचं नाही, कुंथायचं नाही, अशी ताकीद दिली. डोक्याचा सीटी स्कॅन करायला पाठवलं. आणि ठरवलं, लम्बर ड्रेन टाकायचा. म्हणजे कमरेत बारीक नळी घालून थोडं पाणी बाहेर काढायचं, वरचा दाब कमी होतो, कधीकधी गळती आपोआप थांबते. थांबली की मग वैशालीला फोन करायचा. सहज, दुसरंच काही बोलता बोलता सांगायचं. वाक्यसुद्धा मनात तयार होतं.

आमचे भूलतज्ज्ञ जैन सर ड्रेनसाठी हातमोजे घालता घालता थांबले.

"मॅडम, सीटी देखा आपने?"

सीटी येऊन अर्धा तास झाला होता. मी उघडला नव्हता.

उघडला. कवटीत पुढे काळा पट्टा. हवा. पाणी बाहेर येत होतं त्याच भोकातून हवा आत जात होती. खालून नळीने पाणी काढलं असतं तर वरून आणखी हवा ओढली गेली असती. मेंदूवर दाब. बाई माझ्या हातून बेशुद्ध झाली असती.

ड्रेनचा ट्रे परत पाठवला. बाहेर जाऊन वैशालीला फोन लावला. बाई सकाळी आली, सीटीत हवा दिसते, एवढं सांगितलं.

"हवा आहे? ड्रेन नाही ना टाकलास?"

"नाही."

"बरं केलंस. सकाळीच का नाही गं फोन केलास?"

"ताप नाही, मान आखडलेली नाही," मी म्हटलं.

"पाठव लगेच. उताणं झोपवूनच आण. मी ओटी तयार ठेवते."

अॅम्ब्युलन्समध्ये मीच बसले. सत्यभामाबाईचं लक्ष शिंकेवरून हटावं म्हणून नागपूर येईपर्यंत तिच्याशी धानावर बोलत राहिले.

ओटीत वैशालीने दुर्बीण आत घातली. स्क्रीनवर ठिगळाची एक कड उचललेली दिसली. मागे चार शिकाऊ डॉक्टर उभे होते.

"ही माझी चूक," ती त्यांना म्हणाली. "कडेचं हाड नीट साफ केलं नव्हतं, म्हणून कातडी चिकटली नाही. बघून ठेवा."

आणि कामाला लागली. तेव्हा तिचा जितका हेवा वाटला, तितका फेलोशिपच्या वेळीही वाटला नव्हता. तिचा हात मला जमला असता, सराव मिळाला असता तर. तिचं ते वाक्य जमलं नसतं.

दीड महिन्याने बाई तपासणीला आली. खूप वेळ वाकवून बसवलं. एक थेंब नाही.

"नागपूरच्या म्याडमचा हात लय चांगला आहे जी," ती म्हणाली.

"आहे," म्हटलं.

नव्या डॉक्टरांना मी एवढंच सांगते : सहकाऱ्याचा हेवा खुशाल करा. फक्त आधी सीटी बघा.